डॉक्टर ओळखावा कसा?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं मला "आरोग्य आणि समाज" असा विषय दिला होता. विषय फार मोठा आहे. माझं शिक्षण नववी नापास. आयुष्य गेलं सूतगिरणीत, आणि गिरणी बंद पडल्यावर जिनिंगमध्ये. जे काही वाचलं ते रात्रपाळी करून आल्यावर, याच विहाराच्या कपाटातली पुस्तकं घेऊन वाचलं. म्हणून मी मोठ्या विषयात शिरत नाही. पिंगळीतले लोक मला आठवड्यातून दोनदा तरी एकच प्रश्न विचारतात, "भाऊ, पेशंटला कुठं न्यावं? कोणता डॉक्टर खरा?" त्या प्रश्नावरच आज मी बोलणार आहे.

त्याआधी मला एक गोष्ट कबूल करायची आहे. ती न सांगता मी दुसऱ्यांना काही सांगितलं, तर ते बरं दिसणार नाही.

आठ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच वस्तीतल्या एका विधवा बाईच्या पोराला ताप आला. पोरगा बारा-तेरा वर्षांचा. चार दिवस ताप उतरेना, अंगावर लाल पुरळ आलं. बाई माझ्याकडं आली. मी एका ओळखीच्याची जीप केली आणि पोराला शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथंच का नेलं? तर तिथला कंपाउंडर माझ्या ओळखीचा होता म्हणून. दुसरं काहीच कारण नव्हतं. डेंग्यू निघाला. पाच दिवस ठेवलं, त्यातले तीन दिवस आयसीयूत. पोरगा बरा झाला, हेही सांगतो. बिल झालं शेहेचाळीस हजार, औषधं वेगळी. बाईनं दोन शेळ्या विकल्या, कानातलं विकलं, उरलेले व्याजानं काढले.

सुट्टीच्या दिवशी मी काउंटरवर उभा होतो. तिथल्या माणसानं मला बाजूला घेतलं आणि एक पाकीट हातात दिलं. म्हणाला, "साहेब, हे तुमच्या पेट्रोलचे. पुढंही असंच लक्ष असू द्या." मी ते खिशात घातलं. घरी येऊन उघडलं तर दोन हजार रुपये. तुम्ही म्हणाल, तेव्हाच परत का नाही केले? खरं सांगतो, त्या वेळी मला बरंच वाटलं. जीपचे पैसे माझ्या खिशातून गेले होते, दोन दिवसांची मजुरी बुडाली होती. मनाची समजूत घालायला माणसाला फार वेळ लागत नाही.

पण झोप येईना. आठ दिवसांनी मी ते पाकीट घेऊन त्या बाईच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं ती चिडंल, नाहीतर मला शाबासकी तरी देईल. तिनं पैसे मोजले, कमरेला खोवले आणि म्हणाली, "दोनच? मी तर शेहेचाळीस देले व्हते."

त्या दिवसापासून मी या धंद्याचा हिशोब समजून घ्यायला लागलो.

त्या पाकिटाला "कट" म्हणतात. पेशंट पाठवणाऱ्याला मिळणारा वाटा. गावातला डॉक्टर शहरातल्या डॉक्टरकडं पेशंट पाठवतो, शहरातला डॉक्टर तपासणी केंद्राकडं पाठवतो, आणि प्रत्येक पायरीवर वाटा निघतो. हा वाटा कोणी आपल्या घरून आणून देत नाही, तो पेशंटच्या बिलातूनच निघतो. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला हे आपल्या महाराष्ट्रातलेच दोन डॉक्टर. पुण्याच्या "साथी" या संस्थेकडून त्यांनी देशभरातल्या ७८ डॉक्टरांना बोलतं केलं आणि २०१६ साली त्याचं इंग्रजीत पुस्तक आलं, "डिसेंटिंग डायग्नोसिस". गद्रे साहेबांनी स्वतः लासलगावसारख्या ठिकाणी बरीच वर्षं बाळंतपणाचा दवाखाना चालवला, म्हणजे ते काही लांबून बोलणारे नाहीत. त्यात डॉक्टरांनीच सांगितलं आहे की तपासणीच्या शंभर रुपयांतले तीस-चाळीस रुपयेसुद्धा पाठवणाऱ्याकडं जातात. एक प्रकार तर असा, की उगीच लिहून दिलेल्या तपासण्यांसाठी रक्त काढायचं, ते मोरीत ओतायचं आणि रिपोर्ट "नॉर्मल" म्हणून द्यायचा. रक्त आपलं, पैसे आपले, आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून आनंदही आपल्यालाच!

हे कायद्यानं चालतं का? नाही. डॉक्टरांसाठी २००२ सालची आचारसंहिता आहे. पेशंट पाठवल्याबद्दल पैसे देणं किंवा घेणं तिच्यात सरळ मना केलं आहे. २०१७ साली मुंबईत एका हृदयरोगाच्या रुग्णालयानं "आम्ही कमिशन देत नाही" असा फलक लावला, तर डॉक्टरांच्या संघटनेनंच त्यावर आक्षेप घेतला. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनं निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदाही तयार झाला. पुढं त्याचा कायदा काही झाला नाही. मसुदा आणि कायदा यांच्यामध्ये कोण बसलेलं असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता याला डॉक्टर एकटा जबाबदार आहे असं मी म्हणत नाही. १९८० च्या दशकात आपल्या राज्यात खाजगी मेडिकल कॉलेजं निघाली. सरकारी कॉलेजात नंबर लागला नाही, तर बाप जमीन विकून, कर्ज काढून पोराला डॉक्टर करतो. मग दवाखाना, मशिनी, पुन्हा कर्ज. ते कर्ज फेडायचं कोणी? ज्याला ताप आला त्यानं. मोठ्या रुग्णालयांची तर वेगळीच तऱ्हा. त्या पुस्तकातले डॉक्टर सांगतात, पगारी डॉक्टरला महिन्याला इतके ऑपरेशन, इतक्या तपासण्या झाल्याच पाहिजेत असं सांगितलेलं असतं. आमच्या गिरणीत मशिनीवर किती सूत निघालं ते पाळीगणिक लिहायचे, तसंच म्हणा ना!

हृदयाच्या नळीत बसवायच्या स्टेंटचं घ्या. औषध लावलेला स्टेंट पूर्वी पेशंटला लाखाच्या वर लावला जायचा. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं भाव बांधला, २९,६०० रुपये, आणि साधा स्टेंट ७,२६०. एका आदेशानं एवढा फरक पडला. म्हणजे आधीचे पैसे कुठं जात होते?

आता मी माय-बहिणींकडं वळतो. पुढचं बोलणं जरा अवघड आहे. विहारात असं बोलावं का, असं कोणाला वाटेल. पण विहारात बोलायचं नाही तर कुठं बोलायचं?

आपल्याकडं बायका म्हणतात, "पिशवी काढली." जणू दाढ काढल्यासारखं. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली पेपरात गाजलं. विधिमंडळात विषय निघाला, नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची माहिती घेतली, त्यातल्या १३,८६१ बायांची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायांत एक. बऱ्याच जणी चाळिशीच्याही आतल्या. का काढल्या? एक तर कारखान्यावर नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि एक दिवस खाडा पडला की मुकादम दंड लावतो. पाळीच्या दिवसांत बाईनं थांबायचं कुठं? धुवायला पाणी नाही, आडोसा नाही. दुसरं म्हणजे अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखतेय म्हणून बाई दवाखान्यात गेली, की तिथं सांगतात, "पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल." कॅन्सर म्हटल्यावर कोण थांबेल?

माझी धाकटी भावजय असंच ऐकून एकतिसाव्या वर्षी टेबलावर गेली. गाव आणि दवाखाना सांगत नाही. उचल घेऊन ऑपरेशन केलं आणि ती उचल फेडायला पुढचे दोन हंगाम तोडणी केली. आज ती पंचेचाळिशीची आहे आणि माझ्या आईसारखी भिंतीला धरून उठते. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर बाईच्या शरीरातलं जे रसायन हाडं घट्ट ठेवतं ते एकदम बंद होतं. हे तिला ऑपरेशनच्या आधी कोणी सांगितलं नाही. तिनं कागदावर अंगठा दिला होता, एवढंच तिला आठवतं.

माझ्या घरातही तेच होणार होतं. सोळा वर्षांपूर्वी माझ्या बायकोला असाच त्रास सुरू झाला. शहरातल्या एका दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली, डॉक्टरनं माझ्याकडं बघत सांगितलं, बायकोकडं नाही, "सूज आहे, आठ दिवसांत काढून टाका, पंचवीस हजार तयार ठेवा." मी तयार झालो होतो. सोनाराकडं जाऊनही आलो. वस्तीतल्या एका नर्सबाईनं मला अडवलं. म्हणाली, "भाऊ, कापायच्या आधी एकदा सरकारी दवाखान्यातल्या मॅडमला दाखवा. कापल्यावर परत शिवता येत नाही."

त्या मॅडमनी पहिलं काम काय केलं, तर मला बाहेर बसवलं. बायकोशी बोलल्या, आतून तपासलं, पिशवीच्या तोंडावरचा नमुना काचेवर घेतला. मग मला आत बोलावलं आणि गोळ्या लिहून दिल्या. म्हणाल्या, "या दोघांनीही घ्यायच्या." मी म्हटलं, "मला काय झालंय?" त्या म्हणाल्या, "हा संसर्ग नवरा-बायकोत फिरतो. तुम्ही नाही घेतल्या तर यांना परत होईल. मग परत पिशवीला दोष द्याल." मला लाज वाटली, पण गोळ्या घेतल्या. नमुन्यात काही वाईट निघालं नाही. त्रास महिन्याभरात गेला. पिशवी आजही जागेवर आहे, आणि बायको समोर बसून माझ्याकडं डोळे वटारून बघतेय, की हे इथं कशाला सांगता!

पण गैरसमज नको. काही बायांना खरंच काढावी लागते. कॅन्सर निघाला, मोठी गाठ झाली, रक्तस्राव औषधानं थांबेना, तर काढावी लागते आणि वेळेवर काढावी लागते. माझं म्हणणं एवढंच, की तपासणीच्या आधी निर्णय आणि पाठोपाठ रक्कम असं जिथं होतं तिथून उठावं. जीव लगेच धोक्यात नसेल तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचा आपल्याला हक्क आहे. पहिल्या डॉक्टरला त्याचा राग आला तर त्यातच आपल्याला उत्तर मिळालं.

सुप्रीम कोर्टात २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्याचा निकाल लागला. त्या बाईनं फक्त दुर्बिणीनं तपासणी करायला संमती दिली होती. ती भुलीत असताना तिच्या आईची सही घेऊन पिशवी आणि अंडाशयं काढली. कोर्टानं सांगितलं, शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होतं, तेव्हा तपासणीची संमती ही कापायची संमती होत नाही, आणि शहाण्यासुरत्या बाईच्या वतीनं दुसऱ्यानं सही करून चालत नाही. नवऱ्यांनीही हे ऐकून ठेवावं. पुढं राजस्थानच्या डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या अर्जावर २०२३ साली सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना अशा विनाकारण ऑपरेशनांवर लक्ष ठेवायला सांगितलं. म्हणजे हे दुखणं एकट्या बीडचं नाही.

आता खरा डॉक्टर कसा असतो, ते मला कुठं कळलं ते सांगतो. सूतगिरणीत मी पहिली काही वर्षं ब्लो रूमला होतो. कापसाच्या गाठी फोडायच्या, मशिनीत घालायच्या. हवेत रुईची धूळ अशी, की समोरचा माणूस धुक्यात उभा असल्यासारखा दिसायचा. मला खोकला लागला. छाती आवळून यायची. एकानं सलाईन लावली, एकानं दम्याचा पंप दिला, एकानं एक्सरे बघून टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, बेडका न तपासता. दोन महिने मी त्या गोळ्या खाल्ल्या. लघवी लाल व्हायची आणि खोकला होता तसाच.

मग कोणीतरी परभणीतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. लहानशी खोली, लाकडी बाक. त्यांनी माझे सगळे कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "काम काय करतोस?" इतक्या डॉक्टरांत हा प्रश्न पहिल्यांदा कोणीतरी विचारला. मी सांगितलं. मग म्हणाले, "सुट्टी कधी असते?" म्हटलं, रविवारी. "मग सोमवारी छाती जास्त भरते का रे?" मी बघतच राहिलो. तसंच व्हायचं! रविवारी जरा बरं वाटायचं आणि सोमवारी पाळीवर गेलो की दुपारपर्यंत श्वास अडकायचा. ते म्हणाले, हा कापसाच्या धुळीचा आजार आहे, त्याला बिसिनोसिस म्हणतात. बेडका सरकारी दवाखान्यात फुकट तपासून घ्यायला लावला, त्यात टीबी निघाला नाही, तेव्हा गोळ्या बंद करायला सांगितल्या. म्हणाले, "माझ्याकडं याचं मोठं औषध नाही. खातं बदलून घे, तोंडाला फडकं बांध, विडी ओढत असलास तर सोड. असाच धुळीत राहिलास तर छाती कायमची जाईल." इंजेक्शन नाही, तपासणी नाही, तीस रुपये फी. वर एका चिठ्ठीवर मॅनेजरला लिहून दिलं, की कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात हा रोग आहे आणि असा पेशंट सापडला तर कळवणं माझ्यावर बंधनकारक आहे. माझं खातं बदललं. आज मी इथं उभा राहून बोलतोय तो त्या तीस रुपयांत.

"माझ्याकडं याचं औषध नाही" असं म्हणणारा डॉक्टर मी त्याच्या आधी पाहिला नव्हता.

पण आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही. त्याच म्हाताऱ्या डॉक्टरांकडून बाहेर पडताना बाकावरचा एक जण मला म्हणाला, "सुई न्हाई देली? मंग कशाचा डॉक्टर!" आपल्याला सलाईन पाहिजे, सुई पाहिजे, लाल-पिवळ्या गोळ्या पाहिजेत. अर्धा लिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. उलटी थांबत नसेल, रक्तदाब उतरला असेल तर तीच बाटली जीव वाचवते. पण नुसत्या अशक्तपणाला बाटली लावून घेणं म्हणजे मिठाचं पाणी शिरेतून विकत घेणं. जो डॉक्टर बाटली लावत नाही त्याच्याकडं आपण जात नाही, मग त्यानंही बाटली लावायला सुरुवात केली तर दोष एकट्याचा कसा?

विनयपिटकात भगवंतांनी एका आजारी भिक्खूची शुश्रूषा केल्याची कथा आहे. तो जुलाबानं घाणीत पडला होता आणि कोणी जवळ जात नव्हतं. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला लावलं आणि दोघांनी मिळून त्याला धुतलं. त्याच ठिकाणी पुढं शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले आहेत. त्यातला एक असा, की तो मैत्रीभावानं सेवा करतो, काही मिळावं म्हणून नाही. आणि गंमत म्हणजे आजाऱ्याचेही गुण सांगितले आहेत. त्यानं आपलं दुखणं आहे तसं सांगावं, कमी-जास्त करू नये, आणि औषध घ्यावं. आपण काय करतो? दारू पितो ते लपवतो. आधीच्या डॉक्टरचे कागद लपवतो. गोळ्या बरं वाटलं की सोडून देतो. हे मी भन्तेजींच्या समोर बोलतोय, काही चुकलं असेल तर त्यांनी दुरुस्त करावं.

मग सरकारी दवाखान्यात जावं का? मी म्हणतो, आधी तिथं जावं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क केले आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत. परभणीला २०२३ साली सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, त्यासाठी परभणीकर रस्त्यावर उतरले होते. तिथल्या डॉक्टरला तुम्हाला कापून काही जास्त मिळत नाही. देशाच्या २०१९-२१ च्या पाहणीत खाजगी दवाखान्यांत शंभरातली ४७ बाळंतपणं सिझेरियननं झाली आणि सरकारी दवाखान्यांत १४. आईचं पोट तेच, बाळ तेच. अवघड केसेस तर उलट सरकारीतच जास्त येतात.

पण मी सरकारचा वकील नाही. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात एका दिवसात २४ माणसं दगावली, त्यात १२ नवजात बाळं होती. ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली. मोठा दवाखाना आहे, आजूबाजूच्या जिल्ह्यांतून अखेरच्या घडीला पेशंट तिथंच येतात, हे खरं. डॉक्टर कमी, सिस्टर कमी, औषधांची ओरड, हेही खरं. सरकारी दवाखाना चांगला राहावा असं वाटत असेल तर तो सोडून पळून चालत नाही. ज्यांचा आवाज चालतो ते सगळे खाजगीत गेले, म्हणून सरकारीत कोणी ओरडत नाही. औषध बाहेरून आणायला सांगितलं तर त्या चिठ्ठीची झेरॉक्स काढून वरिष्ठांना लेखी तक्रार द्या. मी अशा अकरा तक्रारी दिल्या आहेत. सातांना उत्तर आलं, तीन वेळा औषध आलं. पदरी पडलं ते कमी आहे, पण मिळालं.

खाजगीत जायची वेळ आलीच तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दवाखाना आहे का ते आधी विचारा. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊनच निघा, मागून आणू म्हणून घरी ठेवू नका. मोठं रुग्णालय ट्रस्टचं असेल तर तिथं दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. मुंबई हायकोर्टानं २००६ साली त्याची योजना ठरवून दिली. तिथं "समाजसेवा अधिकारी कुठं बसतात?" एवढंच विचारा. जानेवारी २०२१ पासून आपल्या राज्यात खाजगी दवाखान्यानं रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं भिंतीवर लावायचं आहे. देवांचे फोटो दिसतात, डॉक्टरसाहेबांचे पुढाऱ्यांबरोबरचे फोटो दिसतात, सनद कुठं आहे ते शोधा. आपले कागद मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात. बिल राहिलं म्हणून मयत अडवून ठेवता येत नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीवर त्याचा नोंदणी क्रमांक पाहिजे. नसेल तर ती चिठ्ठी कोणाची, हे कळायला मार्ग नाही. फसवणूक झाली तर ग्राहक आयोगात जाता येतं, ते १९९५ सालीच सुप्रीम कोर्टानं सांगितलं आहे. मात्र हात उचलायचा नाही. डॉक्टरवर हात टाकणं २०१० च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते आपल्याला शोभत नाही. शिवाय मारहाणीच्या भीतीनं चांगला डॉक्टरही अवघड पेशंट घ्यायचं टाळतो आणि "पुढं न्या" म्हणतो.

हे सगळं मी सांगतोय खरं, पण माझाच अनुभव असा, की घरातलं माणूस खाटेवर असताना यातलं एकही आठवत नाही. पाय लटपटतात. डॉक्टर इंग्रजीत बोलला की आपण मान हलवतो. त्या विधवा बाईबरोबर मी होतो, तर मी काय दिवे लावले ते तुम्ही ऐकलंच. म्हणून एकट्यानं विचारायचं काम नाही हे. पेशंटबरोबर दोन माणसं जावीत. एकानं पेशंटजवळ बसावं आणि दुसऱ्यानं फक्त विचारावं आणि लिहून घ्यावं. काय झालंय? कशावरून? ही तपासणी केली तर उपचारात काय बदल होईल? ऑपरेशन नाही केलं तर काय होईल, आणि किती दिवस थांबता येईल? सगळं मिळून खर्च किती? आवाज चढवायचा नाही, नमस्कार करून विचारायचं. चांगल्या डॉक्टरला प्रश्नाचा त्रास होत नाही, वेळ नसेल तर तो म्हणतो, संध्याकाळी या, सांगतो.

आणि माझी एक सूचना आहे, समितीनं ती मान्य केली आहे. विहारात आपण एक वही ठेवणार आहोत. वस्तीतलं कोणी दवाखान्यात जाऊन आलं, की त्यानं तिच्यात लिहायचं: कुठं नेलं, कोणी पाठवलं, डॉक्टरनं तपासलं की नाही, काय सांगितलं, बिल पक्कं मिळालं का, किती झालं, गुण आला का. चांगलं झालं तेही लिहायचं, नुसती गाऱ्हाणी नकोत. ऐकीव लिहायचं नाही, स्वतःवर गुदरलं तेवढंच. बाईचं दुखणं असेल तर नाव लिहायचं नाही, महिला मंडळाच्या बायांनी ते पान वेगळं ठेवायचं. ज्याला लिहिता येत नाही त्याचं आपल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरांनी लिहून द्यायचं. दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर अर्धा तास वही वाचायची. वही विहाराबाहेर न्यायची नाही, मोबाइलवर फोटो काढून फिरवायची नाही, नाहीतर उद्या आपल्यावरच बदनामीचा दावा लागायचा.

वही मी आज बरोबर आणली आहे, दोनशे पानी. पहिल्या पानावर मी माझ्या हातानं ते दोन हजारांचं पाकीट लिहिलं आहे, तारखेसकट, दवाखान्याचं नाव सोडून. दुसऱ्या पानावर ते म्हातारे डॉक्टर लिहिले आहेत. ते आता हयात नाहीत, म्हणून त्यांच्याकडं कोणाला पाठवता येणार नाही. तिसऱ्या पानापासून तुम्ही लिहायचं आहे. वही आणि पेन मी महिला मंडळाच्या अध्यक्षाबाईंच्या स्वाधीन करतो. कार्यक्रम संपल्यावर खिरीच्या रांगेजवळच त्या बसणार आहेत.

जयभीम, नमो बुद्धाय.